निळा दिवा स्थिर होता

“…आणि दोघांत तीन हातांचंही अंतर नाही, माई. मग हा डॉक या लॅपटॉपला ओळखत का नाही?”

शैलेश तांबवेकर गुडघ्यांवर बसून विचारत होता. त्याच्यासमोर चौरंगावर मठाचा नवा लॅपटॉप होता. भिंतीलगतच्या फळीवर डॉक होता; म्हणजे तळहाताएवढी एक काळी डबी. तिच्या पाठीतून निघालेल्या तारा मोठ्या पडद्याकडे आणि कीबोर्डकडे गेल्या होत्या. लॅपटॉपकडे मात्र एकही तार गेलेली नव्हती. डबीने आणि लॅपटॉपने एकमेकांना तारेवाचून ओळखावे, अशीच ती योजना होती.

पडदा काळा होता.

“ओळख करून दिलीस का?” सगुणामाईंनी विचारले.

“चार वेळा.”

“पुन्हा दे.”

“माई, हे ओळखपाळखीचं काम नव्हे. यामागे शास्त्र आहे. तेरा वर्षं मी…”

“तेरा वर्षं तू हेच केलंस. ऐकलंय मी.”

शैलेश पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

नीरेकाठच्या त्या लहानशा मठात एक दंडक होता. उपदेशाचे वाक्य गुरूने पाठ म्हणायचे नाही. पोथीच्या पानावर दृष्टी ठेवून ते वाचूनच सांगायचे. पाठ म्हटलेले वाक्य म्हणणाऱ्याचे होते, वाचलेले वाक्य पोथीचे राहते, असे पूर्वीचे लोक सांगत. उपदेशाची तिथीही वर्षातून एकच. त्या दिवशी माध्यान्हीची घंटा झाली, की पोथी पुन्हा वस्त्रात बांधली जाई.

ती तिथी आज होती.

सगुणामाईंनी एक्याऐंशी वर्षे पुरी केली होती आणि त्यांच्या डोळ्यांत सायीसारखा पडदा आला होता. पोथीची अक्षरे मुंगीएवढी. पानांची छायाचित्रे नव्या लॅपटॉपमध्ये घेतलेली होती. परंतु त्याच्या पडद्यावर अक्षर मोठे केले की ओळ मावत नसे, आणि ओळ मावली की अक्षर दिसत नसे. मोठा पडदा उजळला, तरच माईंना वाचता येणार होते. माईंनी वाचले, तरच शैलेशला उपदेश मिळणार होता.

नाहीतर पुढच्या वर्षी.

कोपऱ्यात चंद्राक्का तांदूळ निवडत बसली होती. मठाचा मुदपाकखाना तिच्याकडे होता, आणि मुदपाकखान्याबाहेरच्या गोष्टींतही तिला मत असे.

“काय इंजिनेर, लावावी की एक तार. संपलं.”

“ती तार शहरात राहिली, आक्का. हे बिनतारी यंत्र आहे. त्याला तार लागतच नाही.”

“दिसतंय ते.”

शैलेशने डॉकचा खटका बंद केला. मनाशी शंभर अंक मोजले. खटका पुन्हा चालू केला.

डबीवरचा निळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकला, लुकलुकला… आणि स्थिर झाला.

लॅपटॉपवर अक्षरे उमटली: डॉक उपलब्ध नाही.

“हेच मला कळत नाही,” शैलेश म्हणाला. “दिवा लुकलुकला, म्हणजे तो कुणाला तरी शोधतोय. स्थिर झाला, म्हणजे जोडला गेला. तीन वर्षं मी हा दिवा रोज पाहिलाय.”

“मग जोडला गेला असेल.”

“नाही ना, माई! लॅपटॉप नाही म्हणतोय.”

“डबी काय म्हणते?”

“डबी हो म्हणतेय.”

“दोघांतलं खोटं कोण बोलतंय?”

शैलेशने एकदा दिव्याकडे पाहिले, एकदा लॅपटॉपकडे. “यंत्रं खोटं बोलत नाहीत,” तो अखेर म्हणाला. पण हे उत्तर आहे की तक्रार, हे त्याचे त्यालाही उमगले नाही.

त्याने लॅपटॉप उचलून डबीजवळ नेला. मग दूर, उंबऱ्यापर्यंत नेला. मग डबीच पालथी केली.

“दृष्ट काढू का?” चंद्राक्काने विचारले.

“आक्का, कृपा करा.”

“बरं बाबा. माझे आपले तांदूळ बरे. खडा असला तर खडा दिसतो.”

माई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “तुझ्या घरी ही डबी चालत होती?”

“तीन वर्षं. एक दिवस अडली नाही. म्हणून तर आल्या दिवशी मी ती मठाला अर्पण केली. डबी, मोठा पडदा, कीबोर्ड. माझं सगळं टेबल इथं आहे, माई. मागं काही ठेवलं नाही. आज सकाळी पहिल्यांदा खोका उघडला, आणि आजच…”

“घरी कोणाबरोबर चालत होती?”

“माझ्या लॅपटॉपबरोबर.”

“हं.”

“तो जुना होता. या नव्याचं सॉफ्टवेअर बघावं लागेल. दोष नव्यात आहे. डॉक माझा आहे, त्यात दोष असणार नाही.”

माई उठल्या. भिंतीचा आधार घेत फळीपर्यंत आल्या. कीबोर्डवरून त्यांनी हात फिरवला, एखाद्या अनोळखी मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“याला हात लावलेला चालतो?”

“लावा, माई. पण त्याचा काही उपयोग नाही. लॅपटॉप जोडल्याशिवाय तो मेलेलाच…”

माईंनी सर्वांत लांब असलेली कळ दाबली.

पडदा उजळला.

त्यावर पोथीचे पान नव्हते. एका माणसाचे छायाचित्र होते. गळ्यात टाय, तोंडावर हसू. खाली इंग्रजीत नाव होते आणि परवलीचा शब्द टाकण्यासाठी मोकळी जागा.

चंद्राक्काच्या हातातले सूप तिरपे झाले. “अगोबाई! हा तर तूच की रे!”

शैलेश पाहत राहिला. चौरंगावरचा लॅपटॉप अजूनही सांगत होता: डॉक उपलब्ध नाही.

“हे कसं शक्य आहे?” तो पुटपुटला. “तो तर… तो तर बंद…”

“कोण?”

शैलेशने मान वळवून मागे पाहिले.

“शैलेश, कोण?”

“माझा जुना लॅपटॉप.”

“कुठं आहे?”

त्याने सभामंडपाच्या लाकडी पडदीकडे बोट केले. पडदीपलीकडे त्याची खोली होती. “ट्रंकेत आहे, माई. आल्या दिवसापासून ट्रंकेत आहे. पाच महिन्यांत मी तो एकदाही उघडला नाही. शपथेवर सांगतो.”

“ट्रंकेतून एक वायर बाहेर येते,” चंद्राक्का म्हणाली. “बोर्डात गेलीय. मला वाटलं, उंदीर मारायचं यंत्र लावलंय पोरानं.”

“ते… चार्जिंग आहे, आक्का. बॅटरी पडून राहिली की खराब होते, म्हणून.”

“म्हणून होय ती मांजर तुझ्या ट्रंकेवर निजते! मी म्हणते, एवढी खोली सोडून हिला ट्रंकच का गोड लागते. ऊबच येते की खालून!”

शैलेशचा चेहरा उतरला. तो खालमानेने, जणू स्वतःलाच समजावीत, सांगू लागला. “कचेरीत आम्ही एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत धावत असू. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, मग उठवायला वेळ जातो. म्हणून मी अशी व्यवस्था करून ठेवली होती की, झाकण मिटलं तरी त्यानं झोपू नये… ती काढायची राहिली. आज डॉकला वीज मिळाली, तेव्हा त्यानं तो आधी पकडला. एका वेळी एकच जोडला जातो. मी दर वेळी डॉक बंद करून चालू करत होतो, आणि दर वेळी तोच आधी…”

“तू उघडला नाहीस,” माई म्हणाल्या.

“नाही.”

“बंदही केला नाहीस.”

बाहेर पारावर कोणीतरी घंटेची दोरी सोडवीत होते. माध्यान्हीला अर्धा-पाऊण तास उरला असावा.

“घेऊन ये,” माई म्हणाल्या.

शैलेश गेला. पलीकडून ट्रंकेचे झाकण वाजले आणि मांजराचा निषेध ऐकू आला. तो परत आला, तेव्हा त्याच्या हातांत लॅपटॉप होता. ताज्या भाकरीसारखा गरम.

लॅपटॉप माईंच्या पायांशी ठेवीत तो म्हणाला, “माई, हा नीरेत टाकतो. आत्ता. तुमच्यादेखत.”

“नदीनं तुझं काय वाकडं केलंय?” चंद्राक्का म्हणाली.

माईंनी तिच्याकडे पाहिले. चंद्राक्का पुन्हा तांदळांत पाहू लागली.

“उघड,” माई शैलेशला म्हणाल्या.

“माई, नको.”

“उघड. परवलीचा शब्द आठवतो ना?”

तो विसरल्याचे सांगणार होता; त्याआधीच बोटांनी शब्द टाकला होता.

मोठ्या पडद्यावर एक पत्र आले. इंग्रजीत लिहिलेले, आठ-दहा ओळींचे. खाली त्याचे नाव. पाच महिन्यांपूर्वी जसे सोडले होते, तसेच ते उघडे होते.

“मला हे वाचता येत नाही,” माई म्हणाल्या. “काय आहे?”

“राजीनामा.”

“तो तर तू दिला होतास.”

“लिहिला होता, माई. पाठवायचा राहिला.”

“राहिला, की ठेवला?”

“ठेवला.”

“कचेरीत काय सांगून आलास?”

“सहा महिन्यांची रजा.”

“आणि मला?”

शैलेशने मान खाली घातली. चंद्राक्काचे सूप थांबले होते. माईंच्या मुद्रेवर राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. आणि त्यामुळेच त्याला कुठे पाहावे ते सुचेना.

मग तो एकाएकी ताठ झाला. “पाठवतो! फोनवरून नेट घेतो, माई. एक कळ दाबली की गेला. तुमच्यासमोर, आक्कांसमोर. या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसू दे. मग तर झालं?”

त्याने खिशातून फोन काढला, काही केले आणि बोट कळेवर नेले.

माईंनी त्याच्या बोटावर आपला हात ठेवला. हात हलका होता. पण बोट खाली जाईना.

“का, माई?” तो गोंधळून म्हणाला. “हेच हवं होतं ना?”

“कोणाला?”

“तुम्हाला.”

“मला पोथीचं पान हवं होतं.”

“पण… हे पाठवल्याशिवाय तुम्ही मला उपदेश कसा देणार?”

“मी पाठवायला सांगितलं?”

“मग पाठवू नको?”

“तेही सांगितलं नाही.”

“मग काय करू, माई? एक काहीतरी सांगा!”

“डबी सोड,” माई म्हणाल्या. “हा पडदा मठाचा आहे. हे पत्र मठाचं नाही.”

शैलेशने जुन्या लॅपटॉपवर दोन ठिकाणी कळ दाबली. पत्र पडद्यावरून नाहीसे झाले. निळा दिवा लुकलुकू लागला… लुकलुकत राहिला… शैलेशने श्वास रोखला. चौरंगावरच्या नव्या लॅपटॉपने कुणालाही न विचारता एक बारीक स्वर काढला.

दिवा स्थिर झाला.

पोथीचे पान पडदाभर उभे राहिले. पिवळसर कागद, काळीभोर शाई, आणि समासात कुणा पूर्वजाच्या अंगठ्याचा डाग. अक्षरे आता बोराएवढी होती.

माई पडद्यासमोर जाऊन बसल्या. कितीतरी दिवसांनी त्या आपल्या डोळ्यांनी वाचत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. पण आवाज येत नव्हता.

शैलेश उभाच होता. लॅपटॉप त्याने छातीशी धरला होता. त्याची ऊब सदऱ्यातून आत पोचत होती.

“तेरा वर्षांत असा बिघाड पाहिला नाही,” तो हलकेच म्हणाला.

“आक्का,” त्याने विचारले, “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मी?” चंद्राक्काने एक खडा उचलून अंगणात टाकला. “माझं विचारू नकोस, बाबा. मी चूल पेटवते, ती एकच पेटवते. तुझ्यासारखं दोन गावांत चुली पेटत्या ठेवणं मला परवडायचं नाही.”

शैलेश हसला. ते हसू लगेच विरले.

“माई, मी खोलीत जातो,” तो म्हणाला. “हे पत्र… मला एकट्यानं वाचायला हवं. पाठवीन, की पुसून टाकीन आणि परत कामावर जाईन… मला ठाऊक नाही.”

‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्या मठात त्याने प्रथमच उच्चारले होते. माईंची मान किंचित हलली. पण दृष्टी पानावरून ढळली नाही.

तो पडदीपर्यंत गेला. तिथे थांबला. बाहेर घंटेची दोरी सुटली होती, आणि कोणीतरी ती हातात तोलून पाहत होते.

“माई, घंटेआधी मला जमलं नाही, तर?”

माई वाचतच होत्या.

“तिथी टळली, तर पुन्हा एक वर्ष. एवढं वर्ष तुम्ही माझी वाट पाहाल, माई?”

सगुणामाईंनी पानावरची ओळ पुरी वाचली. मग त्या त्याच्याकडे वळल्या.

“मग हे पाच महिने मी कोणाची वाट पाहत होते?”