टिटवमाळची पहिली चूल

टिटवमाळ गाव लहान. सत्तर-ऐंशी उंबरे आणि नजर पोचेल तिथवर गवत. गावातला एकुलता एक डांबरी रस्ता सरळ येतो नि चावडीपुढे उगाचच वळसा घेतो. नवखा माणूस हसतो. मग म्हातारे नामाआप्पा त्याला वळशातले तीन काळे धोंडे दाखवतात. "ही आमची पयली चूल," म्हणतात, आणि पाहुण्याला खाली बसवतात.

फार मागे इथे गाव नव्हतेच म्हणे. म्हाकू धनगर आणि त्याची बायको ठकूबाई मेंढरे घेऊन माळावर उतरत, गवत सरले की पुढे निघत. निघताना चुलीचे धोंडे उपटून पालथे घालायचे, असा रिवाज. चूल उभी राहिली तर घरातले माणूस मागे राहते, असे मानत. ठकूबाईने अशा किती चुली मोडल्या, तिलाच ठाऊक नव्हते. दर वेळी जिवाला चटका बसे.

एका वैशाखात चार दिवस पल्याडच्या उतारावर मेंढरे चारून दोघे तळावर परतले, तर चुलीतल्या थंड राखेत टिटवीची चार अंडी.

म्हाकू वैतागला. "अपशकुनी पाखरू ते. उपट धोंडं! डबक्यातलं पाणी सपलं, मेंढरं तडफडून मरत्याल."

"मेंढरं तुमी न्या. ही चूल आता तिची हाय. म्या न्हाय मोडायची."

म्हाकूने कपाळावर हात मारला. पण मेंढरांना थांबून चालणार नव्हते. पाण्याची उरलेली घागर नि पिठाची पिशवी बायकोजवळ ठेवून तो निघाला. वळून वळून पाहत गेला, असे सांगतात.

तिसऱ्या दिवशी घागर कोरडी झाली. आपण वेडेपणा केला, असे ठकूबाईला वाटू लागले. भर दुपारी टिटवी येऊन अंड्यांवर बसली, आणि राख भिजली. पाखराचे पोट ओले होते! ती पुन्हा उडाली तशी ठकूबाई धडपडत तिच्यामागे गेली. हाकेच्या अंतरावर, दाट गवताखालच्या खळग्यात ओल होती. तिने खुरप्याने उकरले, मग हातांनी. पाणी लागले.

महिन्याने म्हाकू आला. वाटभर त्याच्या मनात नको नको ते येत होते. ठकूबाई चुलीशेजारी बसली होती, गवतात चार पिल्ले पळत होती. तिने त्याला आधी पाणी दिले. तो रडला म्हणे. पुढची वाट त्यांनी धरलीच नाही.

आजही टिटवमाळातले कुणी पोटासाठी शहरात निघाले, तर घराला कुलूप लावतात, पण चूल मोडत नाहीत. वैशाखात शेजारीण त्या थंड राखेवर ओंजळभर पाणी शिंपडते. विचारले तर म्हणते, "येत्याल की माघारी." वळशापलीकडचे कुलूपबंद घर नामाआप्पांच्या लेकाचे. तिथले पाणी आप्पा स्वतः शिंपडतात.