बिदरकर सरांची चंची

"मग त्याला एकटं सोडायचं तरी कसं, सर?"

बिदरकर सर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून समोर माळाकडं बघत राहिले. माळावर धावपट्टी होती, आणि तिच्या टोकाला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी फडफडत होती.

रेवतीनं पुन्हा विचारलं. या वेळी जरा मोठ्यानं, कारण सरांना आता कमी ऐकू येतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"ऐकू येतंय," सर म्हणाले.

आणि पुन्हा माळाकडं बघू लागले.

विचारणारी काही लिंबूटिंबू नव्हती. कॅप्टन रेवती शिरोळे. पंधरा वर्षं मोठाली प्रवासी विमानं उडवून, जग पायाखालून घालून ती आपणहून या तालुक्याच्या कॉलेजात परत आली होती. याच कॉलेजच्या वैमानिकी वर्गातून ती बाहेर पडलेली. आता तिथंच मुलांना कमर्शियल पायलट करायचं तिनं मनावर घेतलं होतं. ती आली त्या दिवशी गावानं तिचा फलक लावला होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडलाही होता.

पण बालाजी केंद्रेपाशी तिचं घोडं अडलं.

बालाजी एसटीच्या ड्रायव्हरचा मुलगा. अभ्यासात बरा, नजर उत्तम, हात हलका. तिच्या शेजारी बसून तो विमान असं उतरवी, की चाकं कधी टेकली ते कळत नसे. पण "आता एकटा जा" म्हटलं, की त्याच्या तोंडचं पाणी पळे. दोनदा तिनं त्याला एकट्यानं न्यायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो विमान जागेवरूनसुद्धा न हलवता खाली उतरला. बरोबरीची मुलं कधीच एकटी उडून आली होती. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची तिथली रीत. बालाजी दर वेळी दुसऱ्यांसाठी बादली भरून आणायचा.

उड्डाण विभागाच्या प्रमुखानं, म्हणजे चीफनं, तिला स्पष्ट सांगितलं होतं की या आठवड्यात पोरगा एकटा उडाला तर ठीक, नाहीतर त्याला उडवायच्या वर्गातून काढून जमिनीवरच्या कामाच्या वर्गात टाकायचं. निर्णय मात्र तिचाच राहील.

"भित्रा आहे, सर," रेवती म्हणाली. "बाकी सगळं येतं त्याला. माझ्या शेजारी असताना एकदाही चुकला नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"हूं..." सर म्हणाले.

तो हुंकार रेवतीला चांगला ओळखीचा होता. तो ऐकला आणि ती एकदम वीस वर्षं मागं गेली.

तेव्हा कॉलेजकडं एकच विमान होतं, आणि हँगर म्हणून पत्र्याची शेड. धावपट्टीवर शेळ्या चरायच्या. उड्डाणाआधी एकानं जीप घेऊन शेळ्या हाकलायच्या, दुसऱ्यानं शेडवर चढून धावपट्टी मोकळी दिसते का बघायचं. दुपारी विमानाच्या पंखाखाली जेवढी सावली पडे, तेवढ्यात सगळी मुलं दाटीवाटीनं बसून डबे खायची. कुणाच्या डब्यात काय आहे यावरून होणारी भांडणं, पेट्रोलचा तो वास, संध्याकाळी तापलेल्या माळावरून येणारा वारा... मोठ्या विमानतळांवरच्या काचेच्या खोल्यांत बसून तिला हे सगळं आठवत राही. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, हे ती कुणाजवळही कबूल करायची.

आणि त्या दिवसांतली सगळ्यात जास्त आठवायची ती सरांची सुपारी.

विमान उतरायला लागलं, धावपट्टी समोर मोठी होत आली, शिकणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटला, की शेजारी बसलेले बिदरकर सर खिशातून कापडी चंची काढायचे. तिच्यातून पितळी अडकित्ता आणि अख्खी सुपारी. आणि निवांतपणे कातरायला बसायचे. इकडं आपला जीव टांगणीला, आणि तिकडं ह्यांची कट्... कट्... रेवतीला तर पहिल्यांदा इतका संताप आला होता, की त्या संतापातच तिनं विमान खाली उतरवलं. वर्गात सगळे सरांची नक्कल करायचे. रेवतीची नक्कल सर्वांत हुबेहूब. सरांना भीती म्हणून ठाऊक नाही, असं मुलांमध्ये अभिमानानं सांगितलं जाई.

म्हणून तर आज येताना तिनं मुद्दाम श्रीवर्धनची मऊ रोठा सुपारी आणली होती. चांगली डबाभर. विचारायचं ते विचारून झाल्यावर तिनं तो डबा सरांपुढं ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी डबा उघडून बघितला.

"अगं, ही कुणासाठी?"

"सरांसाठी, काकू. त्यांना लागते ना."

काकू हसू लागल्या. "यांना? उभ्या जन्मात यांनी सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही. एकदा लग्नात कुणी आग्रह केला, तर चक्कर येऊन खाली बसले होते."

रेवतीला वाटलं काकू थट्टा करताहेत. तिनं सरांकडं बघितलं. सर चहा बशीत ओतत होते.

"मग सर, ती विमानात..."

"चहा निवेल," सर म्हणाले.

चहा पिऊन झाल्यावर सरांनी डब्यातल्या दोनतीन सुपाऱ्या उचलून खिशात टाकल्या. उद्या सकाळी मीही येतो, मागच्या सीटवर बसतो, एवढंच त्यांनी सांगितलं. रेवतीला बरं वाटलं. पोराला सरच काय ते चार शब्द सांगतील, म्हणजे आपण सुटलो, असा हिशेब तिनं मनाशी केला.

सकाळी माळावर वारा अगदी पडलेला होता. सरांना बघून हँगरमधली जुनी माणसं उठून उभी राहिली. चीफ स्वतः त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळं परवानगीचा प्रश्न आला नाही. डाव्या सीटवर बालाजी, उजव्या सीटवर रेवती आणि मागं सर, असे तिघं बसले. शिकवायच्या विमानात दोघांपुढंही सारखंच स्टिअरिंग असतं आणि दोघांच्या पायांशी पेडल. शिकणाऱ्याची चूक झाली तर शिकवणाऱ्याला सावरता यावं म्हणून.

बसण्याआधी सरांनी बालाजीला एकच विचारलं.

"कुठं अडतंय रे?"

बालाजीनं मान खाली घातली. "मॅडम बाजूला असल्या की येतंय, सर. नसल्यावर काय करावं तेच कळंना गेलंय."

रेवतीला वाटलं, आता सर काहीतरी सांगतील. सरांनी नुसती मान डोलावली आणि पट्टा आवळून बसले.

विमान उडालं, माळाला फेरी मारून पुन्हा धावपट्टीच्या दिशेला वळलं. खाली गावाची पाण्याची टाकी, डेपोतल्या लाल गाड्या, मग मोकळा माळ. रेवतीचे हात सवयीनं आपल्या पुढ्यातल्या स्टिअरिंगवर गेले. नुसती बोटं, ओझरती. ती नेहमीच तशी ठेवायची.

मागून एक हात आला आणि तिच्या मांडीवर चंची पडली. तीच, विटलेली, दोरी बदललेली.

"कातर," सर म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

"सर, आपण उतरतोय..."

गुरूचा शब्द मोडायची सवय नव्हती, म्हणून तिनं अडकित्ता काढला. सुपारी काढली. एका हातानं होत नाही ते काम. एका हातात सुपारी धरावी लागते, दुसऱ्यात अडकित्ता, आणि नजर थोडी तरी खाली ठेवावी लागते, नाहीतर बोट जातं. रेवतीनं जन्मात सुपारी कातरली नव्हती. रोठा असली तरी तिला ती दगडासारखी वाटली. पहिल्या दाबाला अडकित्ता घसरला.

"पाय मागं घे," मागून आवाज आला.

तिनं पेडलवरचे पाय मागं घेतले.

धावपट्टी जवळ येत होती. रेवतीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. विमानाचं नाक थोडं डावीकडं चाललं होतं. फार नाही, थोडंसं. तिचे दोन्ही हात शिवशिवले. इथं ती नेहमी काहीतरी करायची... काय करायची? तिला पहिल्यांदाच जाणवलं, की इथं ती दर वेळी जरासं काहीतरी करते. बोटांनी, पायांनी, स्वतःच्याही नकळत.

बालाजीनं तिच्या हातांकडं बघितलं. तो नेहमीच बघत असणार. आज त्या हातांत अडकित्ता होता.

एक क्षण तो तसाच बघत राहिला, मग त्यानं मान वळवली आणि समोर बघितलं.

रेवतीनं खाली बघितलं आणि अडकित्ता दाबला. बोटाला पातं लागलं. रक्ताचा थेंब आला. तिनं पुन्हा दाबला. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. वादळात नाही, एक इंजिन बंद पडलं होतं तेव्हाही नाही. तेव्हा निदान हात कामात होते. आत्ता तिला ओरडावंसं वाटत होतं, पोराला बाजूला सारावंसं वाटत होतं, आणि ती सुपारी घट्ट धरून बसली होती.

नाक सरळ झालं.

चाकं आपटली. विमान उसळलं, वर उचललं गेलं. बालाजीचं विमान कधी उसळलं नव्हतं, तिनं ते उसळू दिलंच नव्हतं. त्यानं किंचित इंजिन वाढवलं, नाक धरून ठेवलं, वाट बघितली... आणि विमान पुन्हा टेकलं. धाडकन. मग धावत राहिलं.

सुपारीचे दोन तुकडे झाले होते. कधी, ते तिला कळलं नव्हतं.

धावपट्टीच्या टोकाला बालाजीनं विमान वळवून बाजूच्या मोकळ्या जागेत उभं केलं. इंजिन चालूच होतं. तो घामानं भिजला होता आणि हसत होता, आणि आपण हसतोय हे त्याला ठाऊक नसावं.

रेवती मागं वळली. सरांना काहीतरी विचारायचं होतं तिला.

सरांनी दोन्ही हात एकमेकांत गुंतवून गुडघ्यांत दाबून धरले होते. इतके घट्ट, की बोटांची पेरं पांढरी झाली होती. हात अडकवून ठेवायला आज त्यांच्याकडं चंची नव्हती.

रेवती बघत राहिली. तिच्या पहिल्या लँडिंगचा दिवस तिच्या डोळ्यांपुढं आला. तो संताप, शेजारची ती कट् कट्, आणि नंतर पंखाखाली बसून केलेली नक्कल. सगळे किती हसले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"सर, माझ्या वेळी पण...?"

सरांनी मान हलवली. होय म्हणून की गप्प बस म्हणून, ते कळलं नाही.

बालाजी तिच्याकडं बघत होता. आता ठरवायचं होतं ते तिनंच. मघाची ती उसळी, तो धक्का, ते वाकडं झालेलं नाक तिच्या अंगात अजून तसंच होतं. तिच्या शेजारी बसून पोरानं इतकं वाईट विमान कधीच उतरवलं नव्हतं.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "अजून एकच फेरी त्याच्यासोबत मारते. मग सोडते त्याला. मग नक्की उतरते मी."

सरांनी गुडघ्यांतून हात काढले आणि पट्टा सोडला.

"तू अडकित्ता धरलास तेव्हाच आपण दोघं उतरलो, रेवती... आता दार उघड."