झिपरीचा दाणा आणि अडकलेला प्लग

झिपरी खारीकडे एक शेंगदाणा होता. एकच! तो निसटला. गड गड गड... गेला ट्रॅक्टरच्या चाकाखाली, दोन दगडांच्या फटीत.

झिपरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

"ट्रॅक्टर, ट्रॅक्टर, हल की!
माझा दाणा मिळेना!"

"मी नाही हलत, जा! सकाळी मला ऊब देतो ग्लो प्लग. तो जळलाय. जुना निघेल, नवा बसेल, तेव्हा हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"प्लग, प्लग, नीघ की!
ट्रॅक्टर हलेना,
माझा दाणा मिळेना!"

"मी नाही निघत, जा! गंजून घट्ट बसलोय. मिस्त्री फिरवेल, तेव्हा निघेन."

गुंडूअण्णा मिस्त्री पाना घेऊन बसले होते. नुसतेच!

"अण्णा, अण्णा, फिरवा की!
प्लग निघेना,
ट्रॅक्टर हलेना,
माझा दाणा मिळेना!"

"म्या न्हाई फिरवत, जा! मागं घाई केली, अन् प्लग आतच तुटला. आता तेल सोडलंय. ते मुरंल, तवा फिरवीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"तेला, तेला, मुर की!
मिस्त्री फिरवेना,
प्लग निघेना,
ट्रॅक्टर हलेना,
माझा दाणा मिळेना!"

"मी नाही मुरत, जा! लोखंड गारठलंय. ऊन तापवेल, तेव्हा मुरेन."

झिपरीने कपाळावर हात मारला. काय बाई ही तऱ्हा!

"उन्हा, उन्हा, तापव की!
तेल मुरेना,
मिस्त्री फिरवेना,
प्लग निघेना,
ट्रॅक्टर हलेना,
माझा दाणा मिळेना!"

"मी नाही तापवत, जा! इंजिनावर कोंबडी बसलीय. ती उठेल, तेव्हा तापवेन."

तुरुतुरु तुरुतुरु. धापा टाकत!

"कोंबडी, कोंबडी, ऊठ की!
ऊन तापवेना,
तेल मुरेना,
मिस्त्री फिरवेना,
प्लग निघेना,
ट्रॅक्टर हलेना,
माझा दाणा मिळेना!"

"मी नाही उठत, जा! अंडं देईन, तेव्हा उठेन."

"कधी देशील?"

"बघू!"

बघू? झिपरीचं डोकंच फिरलं. शेपटी फुलली. ती कोंबडीच्या कानाशी गेली आणि ओरडली,

"चिर्रर्रर्रर्र!"

कोंबडी दचकली. टप्प! आलं अंडं! अण्णांनी ते टोपीत झेललं.

कोंबडी उठली.
उन्हाने तापवलं.
तेल मुरलं.
अण्णांनी पाना फिरवला. हळू... हळू... कुईईई!
प्लग निघाला. नवा बसला.
ढुक ढुक ढुक! ट्रॅक्टर हलला.

झिपरीने फटीत हात घातला. दाणा काढला. तोंडात टाकला.

कोंबडी म्हणाली, "अर्धा मला दे की!"

झिपरी बोलेना. कुर्रुम कुर्रुम!