भन्तेंचा अर्ज

“…पण माझा नंबर लागेल का, तेवढं सांगा ना भन्ते.”

भन्ते रेवत विहाराच्या ओट्यावर चीवर वाळत घालत होते. कापडाची घडी त्यांनी हातानं सारखी केली.

“लागू शकतो.”

“शक्यता किती?”

“परवापर्यंत बरी होती.”

“परवा काय झालं?”

“परवा मीही अर्ज भरला.”

उत्पला हसली. भन्ते हसले नाहीत. मग तिचं हसू थांबलं.

वैनगंगेच्या काठचं ते गाव. गावाबाहेर मातीचं एक जुनं टेकाड होतं. त्याच्या पोटात स्तूप असावा असं जाणकार म्हणत. नांगराला कधी मोठाल्या विटा लागत, कधी अक्षरं कोरलेला दगड. लोक ते दगड विहारात आणून ठेवत आणि भन्ते ते वाचत. ब्राह्मी लिपी ते स्वतःच शिकले होते. गावात त्यांच्याकडून ती शिकायला आलेली एकच मुलगी, उत्पला टेंभुर्णे.

तालुक्याच्या कॉलेजात ती इतिहासात पहिली आली होती. हे ती विसरत नसे, दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

आता तिला राज्याच्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकायचं होतं. जागा मोजक्या होत्या आणि अर्ज ढीगभर. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. आईनं तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, “यंदा पाहून घे बाई. नाही झालं तर नागपूरले मामाच्या दुकानावर बसायचं. मंग रडायचं नाही.”

“तुम्ही कशाला अर्ज भरला भन्ते?”

“शिकायला.”

“तुम्हाला सगळं येतं.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. सगळं गाव म्हणतं.”

“गावाला ब्राह्मी येत नाही, उत्पला.”

“पण तुम्हाला पदवीचा उपयोग काय? मला नोकरी लागेल. माझं सगळं आयुष्य…”

ती थांबली. पुढचं वाक्य तिला नीट दिसेना.

“मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालो तेव्हाच ठरवलं होतं,” भन्ते म्हणाले. “धीर आता झाला.”

“म्हणजे एक जागा कमी.”

“लागली तर.”

“तुमची लागणारच.”

उत्पलानं चपला घातल्या आणि ती निघून गेली.

त्यानंतर बरेच दिवस ती विहाराकडे फिरकली नाही. घरीच दार लावून अभ्यास करी. इंग्रजी पुस्तकं तिला जड जात नव्हती. पण लिपीपाशी आली की अडायची. पुस्तकातली अक्षरं स्वच्छ, एका मापाची. दगडावरची तशी नसत. कुठे टवका उडालेला, कुठे रेघ झिजलेली. बोटानं चाचपून वाचायची सवय तिला होती, आणि दगड तर सगळे विहारात.

शेवटी एका सकाळी ती गेली.

भन्ते खाली मान घालून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत होते. शेजारी शब्दकोश होता. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण उघडं होतं.

तिला पाहून त्यांनी आलीस का, म्हटलं नाही. इतके दिवस कुठे होतीस, तेही विचारलं नाही. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “हे काय असतं?”

“स्तर. मातीचे थर,” उत्पला म्हणाली. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सांगितलं.

“आणि हे?”

तिनं ओठ घट्ट मिटले. मग तेही सांगितलं.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. सकाळी ती दगड वाचायला बसे आणि भन्ते तिला अक्षरं दाखवत. मग भन्ते पुस्तक उघडत आणि ती त्यांना इंग्रजी समजावून देई. ठरवलं कुणीच नव्हतं.

भन्ते शिकताना लहान मुलासारखे प्रश्न विचारत. कधी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत. उत्पलाला आधी कंटाळा आला. नंतर भीती वाटू लागली, कारण एकदा कळलं की ते विसरत नसत.

एक दिवस थरांचं प्रकरण आलं.

“खालचा थर जुना, वरचा नवा,” उत्पला म्हणाली. “ज्या थरात वस्तू सापडते, तेवढी ती जुनी.”

“बस, एवढंच?”

पुस्तकात पुढे आणखी होतं. मागाहून कुणी खड्डा खणला तर नवी वस्तूही खालच्या थरात जाऊन पडते. म्हणून आधी खड्ड्याची कड शोधायची. परीक्षेत नेमकं हेच विचारतात, हे उत्पलाला माहीत होतं.

“एवढंच,” ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

भन्तेंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा भन्ते आतल्या खोलीतला मोठा दगड ओढून ओट्यावर आणत होते. तिनं हात लावला. दोघांनी मिळून तो उन्हात ठेवला.

“हे अक्षर वाच.”

“ल.”

“पुन्हा बघ.”

तिनं पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं. “‘ल’च आहे. तुम्हीच शिकवलंय.”

“तेच सांगतोय. ते ल नाही, ह आहे. आत अंधारात मला ही रेघ कधी दिसलीच नाही. आज उजेडात पाहिली.” भन्ते तिच्यासमोर बसले. “इतके दिवस मी तुला चुकीचं शिकवलं. आता दुरुस्त करून घे. अशी अक्षरं परीक्षेत येतील.”

उत्पला दगडाकडे पाहत राहिली. ह. आता तर ते दुसरं काही वाटतच नव्हतं.

“हे तुम्ही परीक्षेनंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं, भन्ते.”

“कुणाला?”



खालून एक बैलगाडी गेली. उत्पलानं दगडावरचं बोट काढून घेतलं.

“काल मी एक भाग गाळला,” ती म्हणाली. “थरांमधला. मुद्दामच.”

मग तिनं खड्ड्याचं सगळं सांगितलं. मान वर न करता, एका दमात.

तिला वाटलं, भन्ते म्हणतील, मला ठाऊक होतं. तसं ते म्हणाले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण भन्तेंचे डोळे विस्फारले होते.

“असं असतं होय? मला वाटलं, काल सांगितलंस तिथंच ते संपलं.” ते उठून उभे राहिले. “म्हणजे मग आपल्या टेकाडात… उत्पला, त्या पूर्वेच्या अंगाला माती काळी आहे बघ. तो खड्डाच असेल का?”

“असू शकेल.”

“चल.”

ऊन चांगलं चढेपर्यंत दोघं टेकाडावर फिरत होते. एक जण वाकून मातीचा रंग बघे, दुसरा लांबून त्याची कड दाखवी. त्या दिवशी दोघांपैकी कुणीही परीक्षेचं नाव काढलं नाही.

परीक्षेला ते एकाच एस. टी.नं गेले. कंडक्टरनं भन्तेंना हात जोडले.

“पोरीला परीक्षेला सोडायला निघालात का, भन्तेजी?”

“नाही. आम्ही दोघंही परीक्षेला.”

कंडक्टरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिकिटं फाडून दिली. उत्पला खिडकीतून बाहेर बघत होती. तिला हसू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

लेखी परीक्षेत दोघं उत्तीर्ण झाले. मुलाखतीला पुन्हा त्याच गाडीनं गेले. विभागाच्या बाहेर एक लांब बाक होता. त्यावर शहरातली मुलंमुली फाईल मांडीवर घेऊन बसली होती. आपापसात इंग्रजीत बोलत होती. उत्पलानं आपली फाईल पुन्हा एकदा उघडून मिटली.

“भन्ते, आता सांगा. किती शक्यता आहे?”

“श्वास घे,” भन्ते म्हणाले.

तिचं नाव आधी पुकारलं.

आत तिघं बसले होते. मध्ये विभागप्रमुख मॅडम. त्यांनी गावाबद्दल विचारलं, टेकाडाबद्दल विचारलं. मग एक मोठा फोटो तिच्यापुढे सरकवला. तडा गेलेला शिलालेख होता. उत्पलानं वाचायला सुरुवात केली. चांगलं वाचत होती. तडा जिथून गेला होता तिथल्या एका अक्षरापाशी थांबली.

ते दोन-तीन अक्षरांपैकी कोणतंही असू शकत होतं. ठासून एक सांगितलं असतं, तर कदाचित खपूनही गेलं असतं. कॉलेजात असताना तिनं तेच केलं असतं.

“हे मला सांगता येत नाही, मॅडम.”

“अंदाज?”

“अंदाज आहेत. खात्री नाही.” ती क्षणभर थांबली. “बाहेर माझे भन्ते बसलेत. मला त्यांनीच शिकवलं. त्यांना कदाचित येईल.”

मॅडमनी समोरच्या कागदांवर नजर टाकली.

“ते स्वतः उमेदवार आहेत ना?”

“हो.”

“मग तुम्ही तुमची जागा त्यांना देताय?”

“नाही, मॅडम,” उत्पला म्हणाली. “मलाही हवी आहे.”

तिघांपैकी कुणी काही लिहिलं नाही. “या तुम्ही,” मॅडम म्हणाल्या.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. भन्ते आत गेले. ते बराच वेळ आले नाहीत. आतून एकदा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. एकदा खुर्च्या सरकल्या.

भन्ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

“ते अक्षर आलं तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“मी म्हटलं, मला येत नाही, तुम्ही सांगा. तर त्या म्हणाल्या, आम्हालाही नक्की माहीत नाही. आमच्या तिघांची तीन मतं आहेत.” भन्ते पायऱ्या उतरू लागले. “किती बरं वाटलं, उत्पला. इथं अजून बरंच शिल्लक आहे.”

निकाल मोबाईलवर आला. उत्पला टेंभुर्णे, प्रवेश मिळाला. तिनं तो पुन्हा वाचला. मग दुसरं नाव शोधलं. वरपासून खालपर्यंत शोधलं.

आईनं तिच्या हातावर साखर ठेवली. “मामाले फोन करतो मी. दुकानावर दुसरी पोरगी पाह्य म्हणतो.” आणि पदरानं डोळे पुसले.

साखर तशीच मुठीत घेऊन उत्पला विहारात गेली. भन्ते आंब्याच्या रोपाला पाणी घालत होते.

“भन्ते, माझं झालं.”

“वाचलं मी. छान झालं.”

“तुमचं…”

“नाही झालं. पास झालो होतो, पण यादीत यायला लेखीचे गुण कमी पडले. गणित होतं ना त्यात.”

“वाईट वाटलं?”

“वाटलं,” भन्ते म्हणाले. “सकाळी भात घशाखाली उतरला नाही.”

उत्पलाला हे अपेक्षित नव्हतं. भन्तेंना वाईट वाटतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिनं मूठ उघडली. साखर घामानं चिकट झाली होती. तिनं ती तशीच त्यांच्यापुढे धरली. भन्तेंनी चिमूटभर घेतली आणि तोंडात टाकली.

“पुढच्या वर्षी पुन्हा भराल?”

“भरेन. मधल्या काळात गणित बघतो.”

पावसाळ्याच्या तोंडी ती विद्यापीठात गेली. वसतिगृहात राहिली. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की आपल्या वर्गात बरेच जण कुठे ना कुठे पहिले आलेले आहेत. तिनं स्वतःचं सांगितलं नाही. एका तासाला सरांनी खड्ड्याच्या कडेबद्दल विचारलं. तिनं टेकाडाच्या पूर्वेच्या काळ्या मातीचं वर्णन केलं. सरांनी तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं, आणखी विचारलं. सुट्टीत तिथला नकाशा काढून आण, म्हणाले.

पहिली जोडून सुट्टी आली तशी ती गावी आली. घरी पिशवी टाकली आणि सरळ विहारात गेली.

आत बुद्धमूर्तीसमोर भन्तेंचं आसन होतं. खाली शिकणाऱ्यांसाठी सतरंजी पसरलेली. भन्ते सतरंजीवर बसले होते. मांडीवर कोरी वही, हातात पेन.

आसन रिकामं होतं.

उत्पलानं वाकून वंदन केलं.

“भन्ते, तुम्ही इथे खाली?”

“विद्यापीठात काय काय शिकवलं ते ऐकायचं आहे. बस तिथे आणि सांग.”

तिनं आसनाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. विद्यापीठात नंबर लागेल का, हे विचारताना तिचा आवाज कधी कापला नव्हता. आता कापला.

“मला नाही जमणार तिथे बसायला.”

“बरं.”

ती सतरंजीवरच त्यांच्या शेजारी बसली. दोघांच्या समोर ते रिकामं आसन होतं. भन्तेंनी वहीवर तारीख घातली.

“पण भन्ते… आता तिथे कुणीच नाही.”

“राहू दे रिकामं. तिथे बसणारं माणूस अजून शिकतंय.”