चाळीस घरांचा एक नंबर

लसीकरणाच्या नोंदींचं ॲप बनवणारे सबनीस साहेब तालुक्याच्या बैठकीत ऐटीत म्हणाले, “मोबाईल नंबर टाकल्याशिवाय माझा फॉर्म पुढे सरकतच नाही. चूक होणार कशी?”

पाड्यावरून बैठकीला आलेला सातवी नापास भिवा उठला. त्याची आशासेविका बहीण महिन्यापूर्वीच वारली होती. “साहेब, आमच्या पाड्यातल्या कुठल्याही घराला फोन लावा.”

साहेबांनी लावला. भिवाच्या खिशात फोन वाजला. दुसऱ्या घराला लावला, तोच पुन्हा वाजला.

“हा ताईचा फोन. चाळीस घरांत दुसरा मोबाईल नाही, म्हणून तिनं सगळीकडे स्वतःचाच नंबर टाकला. लसीचा निरोप आला की घरोघर चालत जाऊन सांगायची. आता ‘मोबाईल नाही’ अशी चौकट द्या, म्हणजे ती खूण केलेल्या घरांचे निरोप नव्या आशाताईंना जातील. नाहीतर तुमच्या ॲपला चालायला शिकवा.”

साहेबांनी लॅपटॉप उघडला आणि फॉर्ममध्ये ती चौकट टाकायला घेतली.