बशीखाली

"मग सकाळचे फोटो गेले कुठे, सर?"

पुराणिक सर चहा गाळत होते. गाळून झाल्यावर म्हणाले, "काम अडलं म्हणून आलास होय रे?"

सरांच्या पत्नी, काकू, वारल्या, त्यानंतर निनाद आज पहिल्यांदाच या घरी येत होता.

त्याने लॅपटॉप उघडला. एका नेत्ररुग्णालयाच्या तीन गावांतल्या शाखा त्याने साताऱ्याच्या एकाच सामायिक स्टोरेजला जोडून दिल्या होत्या. डोळ्याचा फोटो कुठेही काढा, जमा होणार साताऱ्यात. काम सरांकडेच शिकलेलं. ही जोडणी करताना त्यांना विचारलं मात्र नव्हतं.

सकाळी फलटण शाखेची इंटरनेटची लाइन बंद होती. तरी तिथल्या शिबिराचे फोटो फोल्डरमध्ये दिसत होते. दुपारी लाइन आली, निनादने स्टोरेज पुन्हा जोडलं, आणि तेवढेच फोटो नाहीसे झाले. शस्त्रक्रिया उद्या. म्हातारी माणसं एसटीने आपापल्या गावी परतलेली.

"पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं. जोडणीत काही चूक नाही, सर."

"नसेलच. हुशार आहेस तू."

"टोमणे नंतर मारा ना..."

सरांनी त्याच्या भरल्या कपावर बशी पालथी घातली.

"चहा कुठे गेला?"

"सर, मी घाईत आहे."

"चहा कुठे गेला?"

"बशीखाली!"

सरांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"लाइन नव्हती तेव्हा ते फोल्डर..." निनाद अडखळला. "फलटणच्या सर्व्हरचं स्वतःचं होतं. फोटो तिथेच पडले. आणि त्यावर मी साताऱ्याचं स्टोरेज आणून ठेवलं."

"आत्ता फलटणला कोणी काम करतंय?"

"नाही. शिबिर संपलं."

"मग तोड."

"तोडू?"

"जोडून सापडले का?"

निनादने जोडणी काढली. फोल्डर उघडलं. पडद्यावर एकेक डोळा उमटत गेला.

"आहेत, सर... सगळे आहेत."

"आधी बाजूला काढून ठेव. मग जोड."

फोटो हलवायला लावून निनाद तसाच पडद्याकडे बघत राहिला.

"काकू गेल्या तेव्हा यायला हवं होतं मी. काय बोलायचं तेच कळेना. मग दिवस गेले, आणि मग तर..."

सरांनी कप त्याच्याकडे सरकवला.

निनादने बशी काढली. घोट घेतला आणि चमकून वर पाहिलं.

"अजून गरम आहे, सर."

"झाकलेला होता ना."