करवंदीच्या जाळीचं घर

एक होता राजा. तो महालात झोपलाय, त्याला झोपू द्या. गोष्ट धनगराच्या हिराईची आहे.

एकदा काय झालं, कळप पुढं गेला आणि हिराई माळावर मागं राहिली. तिची म्हातारी मेंढी वाटेतच व्याली. कोकरू ओलं, थरथरतं. तेवढ्यात आभाळ काळं झालं, गारा सुरू झाल्या. कोकरू गारठलं की संपलं, बरं का.

मग माळावरचं एकटं उंच झाड गोड बोललं, "ये गं लेकी, माझ्या छत्रीखाली." हिराई निघाली, पण मेंढी अडून बसली. आणि कडाडकन् वीज पडली, त्याच झाडावर.

झाड खोटं बोललं का? नाही रे. त्याला तरी काय ठाऊक.

मग ओढा म्हणाला, "माझ्यात उतर बाई. वाळू मऊ आहे, वारा नाही." हिराई उतरली. जरा टेकली, तर गढूळ पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. कोकरू उराशी धरून, मेंढीला ओढत ती कशीबशी वर आली.

मग दिसली करवंदीची जाळी. ती खेकसली, "इथं कशाला कडमडलीस? टोचेन."

"टोच. पण वारा अडव," हिराई म्हणाली आणि घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन बसली.

"अगं येडे, थंडी खालून खाते. घोंगडी खाली घाल."

"आमच्यात खोळ डोक्यावरच घेतात. आजा तशीच घ्यायचा."

"आजा खोकून खोकूनच गेला ना?"

हिराईनं खोळ डोक्यावरून काढली. तसाच गेला होता.

मग तिनं जाळीच्या पोटातला कोरडा पाला ओढला, जाड बिछाना केला, वर घोंगडी घातली. मोडक्या फांद्या जाळीला तिरप्या टेकवल्या, त्यावर गवत रचलं. घर बसण्यापुरतंच. मोठ्या घरात ऊब राहत नाही. मेंढी आत, हिराई आत, कोकरू दोघींच्या मध्ये. मग जाळीनं गुपचूप आपले काटे दाराशी ओढून घेतले. लांडगा आला, नाक टोचून घेतलं, गेला.

सकाळी कोकरू उठलं, आईला ढुशी देऊन दूध प्यायला लागलं.

"उठलात? मग निघा," जाळी म्हणाली.

निघताना मेंढीची लोकर काट्यांना अडकली. हिराईनं ती काढली नाही. म्हटलं, राहू दे, या जाळीम्हातारीलाही थंडी वाजत असेल.

हिराई आपल्या माणसांत पोचली, कोकराचा मेंढा झाला, सगळे सुखात राहिले. तुमच्या अंगाखाली गोधडी आहे ना? मग बडबड बंद. मिटा डोळे.